पॉवर प्रेसला लाइट कर्टन कसा बसवायचा: आधी प्रेस थांबायला किती वेळ लागतो ते मोजा

लिफ्टचं दार बंद होत असताना मध्ये हात घातला की ते परत उघडतं, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं आहे. दाराच्या कडेला उभ्या काळ्या पट्ट्या असतात, एकीतून डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, समोरची पट्टी ते पकडते, मध्ये काही आलं की किरण तुटतो आणि दाराला निरोप जातो. प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसच्या पुढे पिवळ्या रंगाच्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात तो लाइट कर्टन, तत्त्व तेच. पण लिफ्टचं दार हळू येतं आणि हाताला लागलं तरी फारसं काही होत नाही, इथे वरून रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड ठोकळा, येतो, म्हणून लिफ्टवाला सेन्सर प्रेसला लावून चालत नाही आणि प्रेसचा कर्टन लिफ्टसारखा नुसता समोर ठोकूनही चालत नाही.

आयटीआयला माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राची दोन बोटं प्रेसवर गेली. त्या प्रेसला कर्टन होता, चालू होता, हात आत गेला तेव्हा लाल दिवाही लागला. फक्त तो डायपासून, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून, वीतभर अंतरावर बसवलेला होता आणि रॅम थांबायच्या आधी हात डायपर्यंत पोचला. मी मेंटेनन्सला आहे, आणि तेव्हापासून कुणी कर्टन बसवायचाय म्हटलं की मी पहिलं हेच सांगतो की कर्टन हात अडवत नाही, तो फक्त "हात आला" एवढंच सांगतो, थांबायचं काम प्रेसला करायचं असतं. तिला थांबायला किती वेळ लागतो हे माहीत नसेल तर कर्टन कुठे बसवायचा हेच तुम्हाला माहीत नाही. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिलं काम, क्लच कोणता ते बघा

कर्टनचं कोटेशन मागवायच्या आधी प्रेसच्या मागे जाऊन क्लच, म्हणजे फिरतं चाक रॅमला जोडणारा आणि सोडवणारा भाग, बघा. छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या सी फ्रेम प्रेस असतात त्यातल्या खूपशा पिन क्लच नाहीतर की क्लचवाल्या असतात. त्यात पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, अडकते आणि रॅमला वर-खाली करणाऱ्या क्रँकचा एक पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे रॅम एकदा खाली निघाला की तो खाली जाणारच, मध्ये थांबवायचा मार्गच नाही. अशा प्रेसला जगातला सगळ्यात महागडा कर्टन लावला तरी उपयोग शून्य, उलट ऑपरेटरला वाटतं की समोर सेन्सर आहे, आता भीती नाही, आणि तो बिनधास्त हात घालतो. अमेरिकेच्या ओशाच्या (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमात तर पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर असा सेन्सर वापरायला सरळ मनाई आहे.

मग अशा प्रेसचं काय करायचं? डाय अशी बंद करा की उघडी फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त राहत नाही आणि बोट आत जातच नाही, किंवा समोर फिक्स जाळीचा गार्ड लावा आणि जॉब चिमट्याने किंवा सरकत्या फीडने आत पाठवा, किंवा खर्च करून न्युमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लच-ब्रेकचं कन्व्हर्जन करून घ्या. कन्व्हर्जन झाल्यावर मग कर्टनचा विचार करा. न्युमॅटिक फ्रिक्शन क्लच असेल तर हवा सोडली की ब्रेक लागतो आणि रॅम स्ट्रोकच्या मध्येच कुठेही थांबतो, तिथे कर्टनला अर्थ आहे. हायड्रॉलिक प्रेसलाही चालतं.

कर्टन घेताना काय बघायचं

दुकानदार पहिला प्रश्न विचारेल की हाइट किती आणि रेंज किती, पण त्याआधी टाइप विचारा. आयईसी ६१४९६ ह्या स्टँडर्डमध्ये टाइप २ आणि टाइप ४ असे प्रकार आहेत, प्रेससाठी टाइप ४ घ्यायचा. टाइप ४ स्वतःच स्वतःला सतत तपासत असतो आणि आत काही बिघडलं तर आउटपुट बंद करतो. टाइप २ स्वस्त पडतो, दिसायलाही सारखाच दिसतो, पण त्यात बिघाड आणि पुढची तपासणी ह्यांच्या मधल्या वेळात तो आंधळा राहू शकतो. कन्व्हेयरवर खोके मोजायचा साधा फोटो सेन्सर तर ह्या कामाला विचारातही घेऊ नका, पैसे वाचवायला असे चार सेन्सर एकाखाली एक लावलेले मी पाहिलेत.

दुसरं म्हणजे रिझोल्युशन, म्हणजे किती जाडीची वस्तू कुठूनही आत घातली तरी हमखास पकडली जाईल ते. १४ मिलिमीटरवाला बोट पकडतो, ३० वाला हात पकडतो पण एखादं बोट दोन किरणांच्या मधून निसटू शकतं. प्रेसवर ऑपरेटर अगदी डायजवळ बसून काम करत असेल तर १४ चाच घ्या, तो महाग का परवडतो ते पुढे हिशोबात दिसेल. हाइट अशी घ्या की कर्टनच्या वरून वाकून हात घालता येणार नाही आणि खालची कड बोल्स्टरच्या, म्हणजे डाय ज्या प्लेटवर बसते तिच्या, खाली उतरेल. रेंज तुमच्या प्रेसच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त पुरे, उगाच वीस मीटरवाला घेऊ नका.

आता मुख्य काम, थांबायचा वेळ मोजा

ह्यासाठी स्टॉप टाइम मीटर मिळतो, विकत घ्यायची गरज नाही, कर्टन विकणारे किंवा सेफ्टी ऑडिटवाले येऊन मोजून देतात, ऑर्डर देतानाच ही अट घाला. मीटरचा एक भाग रॅमला जोडतात आणि तो थांबायचा सिग्नल दिल्यापासून रॅम खरोखर थांबेपर्यंतचा वेळ मिलिसेकंदात दाखवतो.

मोजताना बऱ्याच जणांची चूक होते ती अशी की सकाळी प्रेस थंड असताना, डाय न लावता एकदा मोजतात आणि आलेला आकडा लिहून टाकतात. तसं नाही. सगळ्यात जड डाय लावून, दोनेक तास प्रेस चालवून, ब्रेक गरम झाल्यावर, हवेचं प्रेशर रोज असतं तेवढंच ठेवून, रॅम खाली येताना जिथे सगळ्यात जोरात असतो म्हणजे साधारण क्रँक ९० अंशावर असताना थांबवा, आणि असं कमीत कमी दहा वेळा करा. मग सरासरी काढायची नाही, दहातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, कारण हात नेमका त्या दहाव्या वेळी आत असू शकतो. प्रेसला ब्रेक मॉनिटर, म्हणजे थांबायचा वेळ वाढला की प्रेस बंद करणारं उपकरण, असेल तर तो ज्या आकड्यावर प्रेस बंद पाडतो तो आकडा हिशोबात धरा, कारण तिथपर्यंत ब्रेक झिजला तरी प्रेस चालूच राहणार आहे.

आकडा खूप मोठा आला तर लगेच कर्टन लांब न्यायचा विचार करू नका, आधी का येतोय ते बघा. ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असतं, लायनिंगवर तेल उडालेलं असतं, आणि एक गोष्ट जी पटकन कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टचा सायलेन्सर धुळीने आणि तेलाने चोंदलेला असतो, त्यामुळे क्लचमधली हवा हळू सुटते आणि ब्रेक उशिरा लागतो. तो सायलेन्सर आधी साफ करा नाहीतर नवीन टाका आणि मग परत मोजा.

अंतराचा हिशोब

आयएसओ १३८५५ ह्या स्टँडर्डमध्ये सूत्र दिलंय. मराठीत सांगायचं तर कर्टनपासून डायच्या धोक्याच्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे हाताचा वेग गुणिले एकूण थांबायचा वेळ, अधिक रिझोल्युशनमुळे लागणारं जास्तीचं अंतर. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरायचा. एकूण वेळेत तीन गोष्टी येतात, कर्टनचा स्वतःचा रिस्पॉन्स टाइम, सेफ्टी रिलेचा (कर्टनचा सिग्नल घेऊन प्रेसला थांबवणारा स्विच) वेळ आणि आत्ता मोजलेला प्रेसचा वेळ. जास्तीचं अंतर म्हणजे रिझोल्युशनमधून १४ वजा करायचे आणि ८ ने गुणायचं, हे ४० मिलिमीटर रिझोल्युशनपर्यंत चालतं.

समजा कर्टनला १५ मिलिसेकंद, रिलेला २० आणि प्रेसला १८० लागतात, एकूण २१५, म्हणजे ०.२१५ सेकंद. १४ चा कर्टन असेल तर २००० गुणिले ०.२१५ म्हणजे ४३०, जास्तीचं अंतर शून्य, म्हणजे कर्टन धोक्याच्या जागेपासून ४३० मिलिमीटरवर. आता तेच ३० च्या कर्टनने करा, ४३० मध्ये १६ गुणिले ८ म्हणजे १२८ मिळवा, झाले ५५८. हा आकडा ५०० च्या वर गेला की स्टँडर्ड वेग १६०० धरून परत हिशोब करू देतं, तो येतो ३४४ अधिक १२८ म्हणजे ४७२, पण अट अशी आहे की अशा वेळी ५०० च्या खाली यायचं नाही, म्हणून ५०० धरायचे. म्हणजे स्वस्त कर्टन घेतला तर ऑपरेटर डायपासून ७० मिलिमीटर आणखी लांब गेला, दिवसात हजारो जॉब टाकणाऱ्या माणसाच्या खांद्याला आणि पाठीला हे कळतं. आणि हिशोब कितीही छोटा आला तरी १०० मिलिमीटरच्या आत कर्टन आणायचा नाही.

माझ्या मित्राच्या प्रेसवर कर्टन वीतभर अंतरावर होता म्हणजे धरा २०० मिलिमीटर. तेवढ्या अंतराला ह्या वेगाने हाताला ०.१ सेकंद लागतो. रॅम थांबायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागत होता, बस्स एवढंच झालं होतं. नंतर कुणीतरी म्हणालं की त्याने घाई केली. हाताचा वेग सूत्रातच धरलेला आहे, घाई करणारा माणूस धरूनच ते सूत्र बनवलंय, त्यामुळे हा दोष त्याच्या माथी मारणं मला आजही पटत नाही.

बसवताना

अंतर ठरलं की वेल्डरकडून मजबूत अँगल बनवून घ्या आणि तो ऑपरेटरला सहज सरकवता येणार नाही असा फिक्स करा. लांब भोकांचे ब्रॅकेट अलाइनमेंटला सोयीचे असतात पण त्याच भोकांतून कर्टन हळूहळू डायकडे सरकवला जातो, म्हणून जागा पक्की झाल्यावर पिन ठोकून टाका. प्रेसचे हादरे कर्टनला खराब करतात, त्यामुळे मध्ये रबरचे अँटी-व्हायब्रेशन माउंट हवेतच. दोन्ही पट्ट्यांच्या केबल एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही खाली किंवा दोन्ही वर, एक उलटी लावली तर कर्टन चालूच होत नाही आणि माणूस अर्धा दिवस वायरिंग तपासत बसतो.

बाजूने आणि मागून हात जाणार नाही हे बघा, तिथे सरळ फिक्स जाळी लावा, कर्टन फक्त समोरच्या बाजूचं राखण करतो. अंतर जास्त असेल आणि कर्टन व प्रेस ह्यांच्या मधल्या जागेत माणूस उभा राहू शकत असेल तर तोही धोका, कारण एकदा तो आत गेला की किरण परत जुळतात आणि कर्टनच्या मते समोर कुणीच नाही. तिथे आडवा दुसरा कर्टन किंवा रॉड टाकून ती जागा बंद करा.

चमकणाऱ्या पृष्ठभागाकडे मुद्दाम लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही. पॉलिश केलेली डाय, स्टेनलेसची पत्र्याची थप्पी, नवीन रंगवलेलं पॅनल किरणांच्या जवळ असेल तर किरण त्याच्यावरून परावर्तित होऊन हाताला वळसा घालून समोर पोचतो आणि हात मध्ये असूनही कर्टन हिरवा राहतो. टाइप ४ मध्ये दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ मीटरपर्यंत असेल तर असा पृष्ठभाग किरणांपासून किमान १३१ मिलिमीटर लांब हवा, पट्ट्या त्याहून लांब असतील तर आणखी जास्त. जमत नसेल तर त्याला मॅट काळा रंग द्या. दोन प्रेस शेजारी शेजारी असतील तर एकीचे किरण दुसरीच्या रिसीव्हरमध्ये जाणार नाहीत अशा रीतीने दोन्हीचे एमिटर, म्हणजे किरण सोडणाऱ्या पट्ट्या, पाठीला पाठ लावून बसवा किंवा कर्टनमध्ये कोडिंग असेल तर वेगवेगळे कोड लावा. दुपारचं ऊन शटरमधून सरळ रिसीव्हरवर येत असेल तर प्रेस उगाच थांबत राहते आणि मग लोक वैतागून कर्टन बंद करायला लागतात, त्यामुळे रिसीव्हर उन्हाकडे तोंड करून ठेवू नका.

वायरिंग

हे काम ज्याने आधी सेफ्टी सर्किट केलंय त्याच्याकडूनच करून घ्या, तरीपण मालकाने आणि सुपरवायझरने काय तपासायचं ते सांगतो. कर्टनमधून दोन आउटपुट येतात, त्यांना ओएसएसडी म्हणतात, दोन्ही २४ व्होल्टचे आणि दोन्ही वेगवेगळ्या वायरने सेफ्टी रिलेला गेले पाहिजेत. साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणारा प्रोग्रॅम असलेला कंट्रोलर) इनपुटला जोडून प्रोग्रॅममध्ये स्टॉप लिहिला तर ती सेफ्टी नाही. दोनातला एकच वापरून दुसरा मोकळा सोडणं ही चूक तर सर्रास केली जाते.

सेफ्टी रिलेच्या पुढे काय जोडलंय हे सगळ्यात महत्त्वाचं. मेन मोटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, तोडला की प्रेस थांबेल असं कितीतरी जणांना वाटतं, पण मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील फिरतच असतं आणि क्लच गुंतलेला असेल तर रॅम येतोच. वीज तोडायची असते क्लचला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हची, आणि तोही साधा सिंगल सोलेनॉइड (एकाच विजेच्या कॉइलवर चालणारा) नाही, एकाच बॉडीत दोन व्हॉल्व्ह असलेला प्रेस सेफ्टी व्हॉल्व्ह, त्यातला एक अडकला तरी दुसऱ्यातून हवा सुटते. मध्ये कॉन्टॅक्टर असतील तर त्यांचे एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर बंद असताना जोडलेले राहणारे, फीडबॅक म्हणून रिलेला परत आणा, म्हणजे एखादा चिकटला तर पुढचा स्टार्टच मिळणार नाही.

रिसेट बटण अशा जागी लावा जिथून आतली सगळी जागा दिसते आणि आत उभ्या असलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. कर्टनला वेगळा एसएमपीएस, म्हणजे २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, दिलेला बरा, त्याच पुरवठ्यावर मोठे सोलेनॉइड असले की व्होल्टेज खाली जातं आणि कर्टन झटके खातो.

तपासणी, हाताने नाही, रॉडने

नवीन कर्टनच्या खोक्यात एक काळा रॉड येतो, त्याची जाडी रिझोल्युशनइतकी असते. तो बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात हरवतो म्हणून प्रेसलाच साखळीने बांधून ठेवा. रोज शिफ्ट सुरू होताना, डाय बदलल्यावर आणि मेंटेनन्स झाल्यावर हा रॉड वरून खालपर्यंत हळू फिरवायचा, एकदा एमिटरजवळ, एकदा रिसीव्हरजवळ आणि एकदा मधोमध, तिन्ही वेळा पूर्ण फेरीत लाल दिवा लागलेलाच राहिला पाहिजे, क्षणभर जरी हिरवा झाला तरी प्रेस चालवायची नाही. मग रॉड किरणात ठेवून स्टार्ट दाबा, प्रेस सुरू होता कामा नये. मग रिकामा स्ट्रोक मारून रॅम खाली येताना रॉड किरणात घाला, रॅम तिथल्या तिथे थांबला पाहिजे. कुणालाही "बघ थांबतो का" म्हणून हात घालून दाखवू नका, शिकाऊ पोरांसमोर तर अजिबात नाही, ती तेच शिकतात.

काचेवर तेलाचा थर बसला की किरण कमजोर होतात, मऊ कोरड्या कापडाने पुसा, थिनर लावू नका, काच पांढुरकी होते.

जंपर आणि ब्लँकिंगबद्दल

कर्टन सारखा अडवतो म्हणून पॅनलमध्ये जंपर, म्हणजे कर्टनला वगळून जाणारी वायर, मारला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पीस रेटवर काम असेल तर ऑपरेटरलाच तो नको असतो, टार्गेट असेल तर सुपरवायझर डोळे झाकतो. माझं म्हणणं असं की जंपर सापडला तर माणसाला ओरडायच्या आधी कर्टन का अडवतोय ते शोधा, दहात आठ वेळा जॉब लांब असल्यामुळे पत्रा किरणातून बाहेर येत असतो, किंवा अलाइनमेंट हललेली असते, किंवा काच घाण असते. पत्रा बाहेर येत असेल तर त्याच्यासाठी ब्लँकिंग असतं, ठरावीक किरण दुर्लक्षित करायला सांगता येतं. पण फ्लोटिंग ब्लँकिंग केलं की रिझोल्युशन १४ राहत नाही, वाढतं, किती वाढतं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि मग अंतराचा हिशोब नव्या आकड्याने परत करून कर्टन मागे सरकवावा लागतो. ब्लँकिंग केलं आणि कर्टन तिथेच ठेवला तर तो अर्धा जंपरच.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातच कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना पक्कं कुंपण घालायची जबाबदारी आलेली होती. लाइट कर्टनही काही नवीन नाही, जर्मनीत एर्विन झिक यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच असा कर्टन बनवला होता.

रोबोट सेल असेल तर

रोबोट सेल म्हणजे रोबोट काम करतो ती बंदिस्त जागा. तिथे बोट पकडायचं नसतं, पूर्ण माणूस आत जातोय का एवढंच बघायचं असतं, म्हणून दोन, तीन किंवा चार किरणांचा साधा बॅरियर चालतो. दोन असतील तर जमिनीपासून ४०० आणि ९०० मिलिमीटरवर, तीन असतील तर ३००, ७०० आणि ११००, चार असतील तर ३००, ६००, ९०० आणि १२००. किरण लांब लांब असल्यामुळे त्यातून पूर्ण हात आत जाऊ शकतो, म्हणून जास्तीचं अंतर सरळ ८५० धरतात आणि वेग १६००. रोबोटला थांबायला सगळं मिळून अर्धा सेकंद लागत असेल तर ८०० अधिक ८५०, म्हणजे बॅरियर १६५० मिलिमीटर लांब. जागा नाही म्हणून हा आकडा कमी करता येत नाही, जागा कमी असेल तर तिथे दरवाजा आणि इंटरलॉक, म्हणजे दरवाजा उघडला की मशीन थांबवणारा स्विच, लावा.

सगळं झालं की एक वही प्रेसला लटकवा, त्यात मोजलेला थांबायचा वेळ, काढलेलं अंतर, तारीख आणि कोणी मोजलं ते लिहा. लायनिंग बदललं, व्हॉल्व्ह बदलला, जास्त जड डाय लावली, स्ट्रोकचा स्पीड वाढवला, ह्यातलं काहीही झालं की परत दहा वेळा मोजा, आणि काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा मोजा. आकडा वाढला असेल तर पिन काढून कर्टन मागे घ्या आणि नव्या जागी परत पिन ठोका.